सारीपाट घरी तयार करताना: जून ते ऑगस्ट 2024 च्या नोंदी

रविवार, 2 जून
आमच्या गटातले पाच जण दर शनिवारी संध्याकाळी माझ्या सदाशिव पेठेतल्या घरी जमतात. एका आठवड्यात कटान हा पटावरचा खेळ, दुसऱ्या आठवड्यात कॅरम, आणि मधल्या दिवसांत ज्याच्या त्याच्या फोनवर बुद्धिबळ, असा आमचा क्रम गेली काही वर्षे चालू आहे. काल खेळ संपल्यावर सारीपाटाचा विषय निघाला, तेव्हा पाचांपैकी एकानेही तो प्रत्यक्ष खेळलेला नाही, हे लक्षात आले. लूडो सर्वांना येतो. तो इंग्लंडमध्ये 1896 साली आपल्या पचिशीवरूनच, म्हणजे कवड्यांनी खेळायच्या सारीपाटावरूनच, तयार झाला, हेही दोघांना ठाऊक होते. पण कवड्या टाकून दान मोजता येईल असे कोणीच नव्हते. मला याचे मनापासून वाईट वाटले. म्हणून पट, सोंगट्या आणि कवड्या असा पूर्ण संच स्वतः करायचा, आणि नाशिकला बदली होऊन गेलेल्या आमच्या सहाव्या मित्रालाही खेळता यावे यासाठी संगणकावर त्याचीच एक साधी आवृत्ती लिहायची, असे ठरवले. पुढे कोणाला हेच करायचे असेल तर उपयोग व्हावा म्हणून खर्च, वेळ आणि चुका जशाच्या तशा लिहून ठेवते.

बुधवार, 5 जून
पटाची मोजणी सोपी आहे. मध्ये एक चौक, त्याच्या चार बाजूंना चार पट्टे, आणि प्रत्येक पट्ट्यात तीन रांगा व प्रत्येक रांगेत 8 घरे, म्हणजे एकूण 96 घरे. पटाची एकूण लांबी घराच्या मापाच्या 19 पट होते (8, मधल्या चौकाची 3 आणि पुन्हा 8). मी घर 28 मिलिमीटरचे धरले, कारण पट लहान असला तर तो घडी करून पिशवीत टाकता येईल असा विचार होता. लक्ष्मी रस्त्यावरून दीड मीटर मांजरपाट 120 रुपयांना आणि कापडावर चालणारे रंग 180 रुपयांना आणले. रेघा मारायला आणि रंग भरायला दोन संध्याकाळी, मिळून साधारण सात तास लागले.

रविवार, 9 जून
पट वाया गेला. रंग पक्का झाला असे समजून मी तो धुतला. लाल रंग शेजारच्या पांढऱ्या घरांत उतरला, आणि त्याहून वाईट म्हणजे कापड उभ्या बाजूने जास्त आणि आडव्या बाजूने अगदी थोडे आटले, त्यामुळे चौकोनी घरे आयताकृती झाली. कोरे मांजरपाट आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच त्यावर रेघ मारायची असते, ही गोष्ट शिवणकाम करणाऱ्या कोणीही मला एका वाक्यात सांगितली असती. मी कोणाला विचारले नाही. शिवाय या दिवसांत पुण्याची हवा इतकी दमट असते की डब्यावर 24 तास लिहिलेले असले तरी रंगाला तीन दिवस द्यायला हवे होते.

मंगळवार, 11 जून ते गुरुवार, 13 जून
कापड बाजूला ठेवून संगणकाकडे वळले. गोडॉट हे संगणकावरचे खेळ तयार करायचे इंजिन विनामूल्य आहे आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर ते नीट चालते. पट पडद्यावर काढायला एक तास लागला, पण सोंगटी चालवण्यात तीन रात्री गेल्या.

पहिली चूक दिशेची होती. लूडोच्या सवयीने मी सोंगट्या घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवल्या. पचिशीत त्या उलट दिशेने फिरतात. ही चूक पाच मिनिटांत सुधारली. दुसरी चूक मात्र सापडता सापडेना. सोंगटी चौकातून निघून आपल्या पट्ट्याच्या मधल्या रांगेने खाली उतरते, टोकाच्या घरावरून बाहेरच्या वाटेला लागते, संपूर्ण पटाला फेरी घालून पुन्हा त्याच टोकाच्या घरावर येते आणि मधल्या रांगेने वर चढून चौकात जाते. म्हणजे टोकाचे घर आणि मधली रांग ती दोनदा चालते, एकदा जाताना आणि एकदा येताना. मी प्रोग्रॅममध्ये ‘सोंगटी स्वतःच्या टोकाच्या घरावर असेल तर आत वळव’ असे लिहिले होते. परिणामी नुकतीच निघालेली सोंगटी आठव्या घरावर पोहोचताच मागे वळायची आणि सोळाव्या पावलाला पिकायची, म्हणजे फेरी न घालताच चौकात पोहोचायची.

यावरचा उपाय म्हणजे सोंगटी कोणत्या घरात आहे हे साठवायचेच नाही. ती किती पावले चालली आहे, एवढेच साठवायचे. कागदावर मोजून पाहिले: उतरताना 8, बाहेरची पूर्ण फेरी 68, आणि चढून चौकात शिरेपर्यंत 8, अशी एकूण 84 पावले होतात. 0 ते 84 या आकड्यांपुढे घरांचे क्रमांक लिहिलेला एकच तक्ता केला आणि वळण्याच्या सगळ्या अटी काढून टाकल्या.

हा तक्ता बरोबर आहे की नाही, हे तपासण्याची एक सुंदर खूण याच वेळी सापडली. प्रत्येक पट्ट्याच्या टोकाच्या घरावर फुली असते आणि फुलीवरची सोंगटी मारता येत नाही. स्वतःचे टोक आठव्या पावलाला येते आणि पुढचे प्रत्येक टोक 17 पावलांनी, म्हणजे 25, 42 आणि 59 या पावलांना. चौकातून 25 चे दान (कवड्यांच्या एका फेकीत मिळणारे सर्वांत मोठे) घेऊन निघालेली सोंगटी थेट पुढच्या पट्ट्याच्या फुलीवर बसते, आणि शेवटच्या पट्ट्याच्या फुलीवर, म्हणजे 59 वर, थांबलेली सोंगटी 25 च्या दानाने नेमकी 84 वर, चौकात पोहोचते. पचिशीला तिचे नाव देणारे हे दान पटाच्या मोजमापातच बसवलेले आहे. रात्री साडेबाराला हे कागदावर दिसले तेव्हा मला झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही. तुमच्या पटावर किंवा प्रोग्रॅममध्ये 25 चे दान फुलीवर पडत नसेल, तर वाट कुठेतरी चुकली आहे असे समजावे.

शनिवार, 15 जून
भवानी पेठेत खरादावर लाकूड कातणाऱ्या एका गृहस्थांकडून सोंगट्या करून आणल्या. तळ 18 मिलिमीटर, उंची 30 मिलिमीटर, डोके गोल. 16 लागतात, चार जास्तीच्या केल्या, कारण एक जरी हरवली तरी पुढे तोच घाट पुन्हा मिळणे अवघड असते. एका सोंगटीला 25 रुपये, म्हणजे 500 रुपये झाले. लाल, हिरवी, पिवळी आणि काळी अशी लाख त्यांनीच खरादावर चढवली आणि काम फार देखणे केले.

सोंगट्या हातात आल्यावर कळले की पहिला पट आटला नसता तरी निकामीच ठरला असता. एकाच खेळाडूच्या दोन सोंगट्या एका घरात आल्या की जुग होते, आणि 28 मिलिमीटरच्या घरात या दोन सोंगट्या तिरक्या ठेवूनही मावत नाहीत; त्यांना जेमतेम 31 मिलिमीटर तरी लागतात. आधी सोंगटी ठरवावी आणि मग घर, असा क्रम हवा होता.

आता नवे माप कॅरमवरून घेतले आहे. आमच्या कॅरमच्या बोर्डाची आतली बाजू 74 सेंटिमीटर भरते. घर 38 मिलिमीटरचे धरले तर पट 72.2 सेंटिमीटरचा होतो आणि चौकटीच्या आत अगदी बरोबर बसतो. नवा पट तयार होईपर्यंत याच मापाचा पट कार्डशीटचे तुकडे जोडून आखला. खरे तर सुरुवात इथूनच करायला हवी होती.

रविवार, 23 जून
काल कागदी पटावर पहिला डाव झाला आणि तो अर्ध्यावर सोडावा लागला. आमची मोजणी अशी: सहा कवड्या टाकायच्या, जेवढ्या उताण्या, म्हणजे तोंड वर करून, पडतील तेवढे दान, दोनपासून सहापर्यंत, एकच उताणी पडली तर 10, आणि सगळ्या पालथ्या पडल्या तर 25. यांतल्या 6, 10 आणि 25 ला आम्ही मोठे दान म्हणतो. सोंगटी पटावर आणायला मोठे दान लागते आणि ते पडले की पुन्हा कवड्या टाकायला मिळतात. काल दीड तासात 25 एकदाही पडले नाही आणि 10 दोनदाच पडले. पडत होते ते चार, पाच आणि अधूनमधून सहा.

कारण कवड्यांतच होते. तुळशीबागेतून 60 रुपयांना आणलेल्या डझनभर कवड्या माळेत ओवण्यासाठी केलेल्या होत्या, म्हणजे त्यांची पाठ घासून भोक पाडलेले होते. पाठ सपाट झाल्यामुळे अशी कवडी पाठीवरच बसते आणि तोंड वर राहते. आज सकाळी पूजासाहित्याच्या दुकानातून अखंड पाठीच्या 20 कवड्या दहा रुपयांना एक या भावाने आणल्या, प्रत्येक कवडी 50 वेळा टाकून पाहिली आणि एकमेकींशी जुळणाऱ्या सहा निवडल्या. एक कवडी दिसायला इतर कवड्यांसारखीच होती, पण 50 पैकी 33 वेळा उताणी पडली. तिची पाठ झिजलेली होती.

कवड्या पटावर टाकल्या की सोंगट्या पाडतात आणि नुसत्या टेबलावर टाकल्या की घरंगळतात, म्हणून बुरूड आळीतून 120 रुपयांची एक बसकी परडी आणली. तिच्या विणीत कवडी कधी कधी आडवी अडकते, त्यामुळे तळाला 40 रुपयांचे फेल्ट बसवले.

बुधवार, 26 जून
नाशिकच्या मित्राबरोबर व्हिडिओ कॉलवर पडदा दाखवून संगणकातला पहिला पूर्ण डाव सुरू केला. तासाभरानंतर त्याच्या चारपैकी एकच सोंगटी पटावर आली होती. तो म्हणाला, “अगं, यात काहीतरी चुकलंय. सोंगटी बाहेरच पडत नाही, मी नुसता बसून आहे.” दान निवडणाऱ्या भागात दोष असेल असे मला वाटले. एक लाख दाने टाकून मोजली. मोठे दान आठांत एकदा पडत होते आणि गणिताप्रमाणे ते तेवढेच पडायला हवे. तरीही त्याची तक्रार खरी होती.

रविवार, 30 जून
काल रात्री कागदी पटावर नव्या कवड्यांनी खेळलो. डाव रंगला, सोंगट्या भराभर बाहेर आल्या आणि 25 अनेकदा पडले. नियम तेच आणि पट तोच असूनही बुधवारचा डाव इतका रखडला, म्हणजे फरक फक्त कवडीत असू शकत होता.

आज दोन्ही पालख्या पुण्यात येणार असल्याने लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद होता आणि भवानी पेठेत जाणे शक्यच नव्हते. वारकऱ्यांना पाणी देऊन घरी आल्यावर भाचीला वही-पेन घेऊन बसवले आणि सहा कवड्या 300 वेळा टाकल्या. पावणेदोन तास लागले. 1800 पैकी 728 वेळा कवडी उताणी पडली, म्हणजे शंभरात साधारण 40 वेळा. मी प्रोग्रॅममध्ये तिला नाण्यासारखी धरली होती, निम्म्या वेळा उताणी आणि निम्म्या वेळा पालथी.

शंभरातल्या या दहांचा परिणाम किती मोठा असतो, हे मांडून पाहिल्याशिवाय पटत नाही. नाण्याच्या हिशेबाने 25 चे दान 64 वेळांत एकदा पडते. आमच्या कवड्यांनी ते 300 वेळांत 14 वेळा दिले, म्हणजे साधारण 21 वेळांत एकदा. मोठे दान नाण्याच्या हिशेबाने शंभरात साडेबारा वेळा पडते. आम्हाला 300 पैकी 69 वेळा मिळाले, म्हणजे शंभरात 23 वेळा. सरासरी दान 4.23 वरून सुमारे 5.25 वर जाते. चार सोंगट्यांना मिळून 336 पावले चालायची असल्यामुळे, एकही सोंगटी मेली नाही असे धरले तरी, पहिल्या हिशेबाने एका खेळाडूला साधारण 80 दाने लागतात आणि दुसऱ्या हिशेबाने 64.

प्रोग्रॅममध्ये एक आकडा बदलून 0.5 च्या जागी 0.4 केला. त्या एका आकड्यासाठी पाच दिवस गेले.

शनिवार, 6 जुलै
शिंपीकाकांनी कापडी पट दिला. या वेळी मरून रंगाचे जाड सुती कापड एक मीटर, 220 रुपयांना घेतले आणि आधी दोनदा धुतले. एक मीटरचे 96 सेंटिमीटर झाले. रेघा रंगवण्याऐवजी 6 मिलिमीटर रुंदीची पिवळी फीत शिवून घेतली. फितीचा हिशेब चारही पट्टे आणि चौक मिळून नऊ मीटर झाला होता, म्हणून दहा मीटरचे एक रीळ दिले. पण पटावरच्या 12 फुल्यांनाच (प्रत्येक पट्ट्यावर तीन) एक मीटरहून जास्त फीत लागली आणि टोके दुमडण्यात आणखी गेली. दुसरे रीळ आणून देण्यात चार दिवस मोडले. दोन रिळांचे 140 आणि शिलाईचे 450 रुपये झाले. मला शिलाई महाग वाटली नाही. काकांनी सगळ्या रेघा एका ओळंब्यात शिवल्या आहेत आणि फुल्या अगदी घराच्या मध्यावर आहेत. फीत दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिलिमीटर आत येत असल्याने घरात 32 मिलिमीटर जागा उरते, आणि जुग तिरके ठेवले की बसते.

संध्याकाळी खेळताना एक नवी अडचण दिसली. गटातल्या एका मित्राला लाल आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येत नाही. कॅरमच्या सोंगट्यांमुळे हा प्रश्न कधी आला नव्हता आणि त्यानेही कधी सांगितले नव्हते. त्याने माझी सोंगटी आपली समजून दोनदा उचलली आणि दोन्ही वेळा त्याला फार अवघडल्यासारखे झाले. शिवाय पिवळसर दिव्याखाली हिरवी आणि काळी सोंगटी आम्हा सगळ्यांनाच सारखी दिसत होती.

शनिवार, 13 जुलै
सोंगट्या पुन्हा खरादावर नेल्या. लाल सोंगटीला एक खाच, हिरवीला दोन, पिवळीला तीन, आणि काळी कोरी. 100 रुपये आणि एक हेलपाटा, एवढ्यात काम झाले. आता बोटांनी चाचपूनही सोंगटी ओळखता येते. हे पहिल्याच दिवशी सांगितले असते तर लाख दुसऱ्यांदा चढवावी लागली नसती. संगणकातही चार रंगांवर हीच खूण काढली.

बुधवार, 17 जुलै
आषाढी एकादशी. सासवडची आत्या उपासाला आमच्याकडे होती. तिच्यापुढे पट अंथरला तेव्हा ती बराच वेळ फितीवरून हात फिरवत राहिली आणि मग म्हणाली, “माझ्या लहानपणी खडूनं फरशीवर आखायचो गं आम्ही.” खंडोबा सारीपाटात म्हाळसेशी हरला आणि पैजेपायी बारा वर्षे बाणाईच्या वाड्यावर धनगर होऊन राहिला, ही गोष्ट जागरणात ऐकलेली तिला पाठ आहे, ती सांगत सांगत तिने मला दोनदा हरवले.

तिच्याकडून दोन नियम मिळाले. मोठे दान लागोपाठ तीनदा पडले तर तिन्ही दाने जळतात. आम्ही हे ठेवले नव्हते, म्हणून शनिवारी एका खेळाडूने सलग चार मोठी दाने घेऊन डाव एकतर्फी केला होता. दुसरा नियम कवडीचा. ती आडवी अडकली तर सहाच्या सहा पुन्हा टाकायच्या, एकटी ती कवडी उचलायची नाही. मी तिला 300 दानांची वही दाखवली तेव्हा ती म्हणाली, “अगं, कवडीला पाठ असते नि पोट असतं, ती नाण्यासारखी कशी पडेल?”

शनिवार, 27 जुलै
गुरुवारच्या पावसाने सिंहगड रस्त्यालगत नदीकाठच्या सोसायट्यांत पाणी शिरले. आमच्यातला एक जण तिथे राहतो. आज आम्ही सगळे त्याच्याकडे सामान हलवायला आणि चिखल काढायला गेलो होतो. खेळ झाला नाही.

शनिवार, 10 ऑगस्ट
चार खेळाडूंनी, समोरासमोरचे भिडू धरून, पूर्ण डाव खेळला. 5 वाजून 40 मिनिटांनी सुरू झालेला डाव 8 वाजून 25 मिनिटांनी संपला, म्हणजे पावणेतीन तास लागले. उशीर होतो म्हणून प्रत्येकी तीनच सोंगट्या घ्याव्यात असे दोघांचे म्हणणे आहे आणि हिशेबाने त्यात साधारण पाऊण तास वाचेल. माझा याला विरोध आहे, कारण तीन सोंगट्यांत जुग करायला माणूस कचरतो: दोन एकत्र बांधल्या की चालवायला एकच उरते. तूर्त असे ठरले आहे की सहाच्या आत सगळे जमले तर चार, नाहीतर तीन.

नाशिकच्या मित्राला मी आणलेल्या 20 कवड्यांपैकीच आणखी सहा, मोजून आणि कागदावर त्यांचा आकडा लिहून, पाठवल्या आहेत. बुधवारी तो स्वतः कवड्या टाकतो आणि मी त्याने सांगितलेले दान संगणकात भरते. त्याच्या कवड्या शंभरात 43 वेळा उताण्या पडतात, त्यामुळे माझ्या बाजूचा आकडाही मी बुधवारपुरता तेवढाच ठेवते.

एकूण खर्च 2130 रुपये झाला. त्यातला पहिला पट 300 आणि भोकाच्या कवड्या 60, असे 360 रुपये पूर्ण वाया गेले. पटासाठी आत्याने जुन्या खणाची पिशवी शिवायला घेतली आहे. सोंगट्यांना एकमेकींवर आपटून लाखेचे टवके उडू नयेत म्हणून पिशवीला आतून चार कप्पे हवेत, एवढे आत्याला कळवायचे राहिले आहे.